पंचाहत्तर टक्के भरवसा

पाऊस लांबला की मराठीत त्याला दोन विशेषणे आलटूनपालटून लावली जातात: लहरी आणि बेभरवशाचा. बातमीदार, आमदार, कृषी अधिकारी, पारावर बसलेली माणसे, सगळेच एकाच्या जागी दुसरा शब्द घालतात आणि कोणाचे काही अडत नाही. तरी या दोन शब्दांचा अर्थ एक नाही. लहरी म्हणजे ज्याला लहर येते तो, आणि लहर यायला मन लागते. १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी उचलून देवगिरीला आणणारा आणि काही वर्षांतच ती परत नेणारा मुहम्मद तुघलक लहरी म्हणून प्रसिद्ध आहे. इतिहासकार त्याच्या निर्णयामागे बरीच कारणे दाखवतात, पण निदान त्याला वेगळे वागता आले असते, म्हणून तो शब्द त्याला लागू तरी पडतो. देवगिरीवर ज्या ढगांतून पाणी पडते किंवा पडत नाही, त्या ढगांना वेगळे वागण्याची सोय नसते. त्यांना लहरी म्हणताना आपण आभाळात एक राजा बसवतो आणि मग त्याच्या नावाने बोटे मोडतो.

बेभरवशाचा हा शब्द अधिक प्रामाणिक आहे, आणि त्याचा प्रामाणिकपणा त्याच्या घडणीतच आहे. ‘बे’ हा फारसी उपसर्ग, ‘भरवसा’ आपल्याकडचा, आणि शेवटी ‘चा’ हा षष्ठीचा प्रत्यय. पैसा–पैशाचा तसे भरवसा–भरवशाचा. शाळेत विभक्ती शिकताना षष्ठीचा अर्थ ‘संबंध’ असा पाठ केलेला असतो, तो इथे नेमका उपयोगी पडतो. गोड, जड, काळा ही विशेषणे वस्तूच्या अंगचा गुण सांगतात. बेभरवशाचा हे विशेषण एक संबंध सांगते: एकीकडे वस्तू, दुसरीकडे तिच्यावर भिस्त ठेवणारा कोणीतरी. तो कोणीतरी नसेल तर शब्दाला अर्थच उरत नाही. सहारा वाळवंटातल्या निर्मनुष्य भागातला पाऊस बेभरवशाचा आहे असे कोणी म्हणत नाही. तिथे तो फक्त क्वचित पडतो. त्याच्या भरवशावर कोणी बियाणे उसने आणलेले नसते.

म्हणून एखादी वस्तू बेभरवशाची आहे असे म्हटले की लगेच विचारायला हवे: कोणाच्या भरवशाला उतरली नाही, कोणत्या कामासाठी, आणि हा भरवसा मुळात दिला कोणी? मराठवाड्यातल्या पाण्याच्या चर्चेत हे तीन प्रश्न बहुतेक वेळा विचारलेच जात नाहीत. शब्द वापरला जातो, पण त्याचा षष्ठीचा प्रत्यय गिळून टाकला जातो. मग पाऊस नावाची एक वाईट चालीची वस्तू तेवढी उरते आणि पाण्याची व्यवस्था लावणारे सगळे सुटतात. माझे म्हणणे एवढेच आहे की हा शब्द पूर्ण उच्चारावा.

आपल्या म्हणीला हे कळलेले आहे. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण बेभरवशाच्या म्हशीबद्दल नाही. जिच्यावर कोणी आशा लावली नव्हती तिला टोणगा झाला तर म्हण तयार होत नाही. धनी फसतो तो पारडीच होईल असे गृहीत धरून दुधाचा आणि वाढत्या गोठ्याचा हिशेब आधीच मांडून बसल्यामुळे. म्हशीने काही शब्द दिलेला नव्हता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते या म्हणीचे अलीकडचे आणि सर्वांना आठवणारे उदाहरण. लातूर शहराची सगळी मदार मांजरा धरणावर होती. ते आटले, आणि दुसरी तजवीज नव्हती. त्या वर्षी पाऊस कमी होता हे खरेच. पण पाऊस कमी पडणे आणि लाखो लोकांच्या शहराला पाणी आगगाडीतून यावे लागणे, या दोन घटनांच्या मध्ये माणसांनी घेतलेल्या निर्णयांची लांबलचक रांग आहे.

हर्सूलला उभे राहून हा प्रश्न पाहिला तर तो अधिक स्पष्ट होतो. छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, जळगाव रस्त्यावर वसलेले हे जुने गाव आता शहरात मिसळून गेले आहे. बाहेर ते हरसिद्धी मातेचे देऊळ, मध्यवर्ती कारागृह आणि तलाव यांच्यासाठी ओळखले जाते. जटवाड्याच्या डोंगरांतून येणारी खाम नदी या बाजूने शहरात शिरते आणि पुढे पैठणकडे गोदावरीच्या पाण्याला मिळते. हर्सूलच्या तलावातून जुन्या शहराच्या काही वस्त्यांना पाणी जाते. सलग कमी पावसाची वर्षे आली की उन्हाळ्याच्या आतच तलाव तळ गाठतो, उपसा बंद होतो, आणि पुढे एखाद्या वर्षी, जसे २०२० च्या पावसाळ्यात झाले, तो काठोकाठ भरून सांडव्यावरून वाहतो आणि माणसे ते बघायला जातात. अशा तलावाला बेभरवशाचा म्हणणे सोपे आहे. पण त्याचे पाणलोट क्षेत्र म्हणजे जवळच्या डोंगरांचा एक छोटा तुकडा. तेवढ्या तुकड्यावर दोन जोरदार सरी कमी पडल्या तरी वर्षाचा हिशेब बिघडतो.

याच शहराला पाणी देणारे दुसरे साधन पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला आहे: पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी. त्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे २१,७५० चौरस किलोमीटर आहे आणि त्यात नाशिकच्या सह्याद्रीचा घाटमाथा येतो. संभाजीनगरात ऊन पडलेले असताना त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला धो धो कोसळत असते आणि धरण भरत असते. म्हणजे हर्सूलकराच्या घागरीत येणारे पाणी एका हिशेबाने हर्सूलच्या पावसाचे असते, दुसऱ्या हिशेबाने इगतपुरीच्या. एकच घागर, दोन वेगळे भरवसे.

इथे पावसाचे आकडे पाहणे भाग आहे. भारतात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. वर्षागणिक होणारा चढउतार मोजण्याचे एक माप असते, आणि अखिल भारतीय मोसमी पावसासाठी ते सरासरीच्या सुमारे १० टक्के इतकेच आहे. पावसाच्या मानाने हे चक्र बरेच नियमित म्हणावे लागेल. केरळात मोसमी वारे दाखल होण्याची सरासरी तारीख १ जून आणि तिच्या मागेपुढे साधारण आठवड्याचा फरक. हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून येणाऱ्या वाऱ्यांची ही वक्तशीरता पाहिली तर ‘बेभरवशाचा मान्सून’ हा शब्दप्रयोग उपकाराची फेड अपकाराने केल्यासारखा वाटतो. पण देशाचा नकाशा बाजूला ठेवून सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या मराठवाड्यावर बोट ठेवले की तेच माप पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात जाते. एका तालुक्याचे घेतले तर आणखी वर, आणि एका शिवाराचे घेतले तर कोणत्याही आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. पाऊस तोच. बदलते ते आपण त्याच्याकडे किती मोठ्या चौकटीतून पाहतो हे. मोठ्या चौकटीत एकीकडची तूट दुसरीकडची भर भरून काढते. एका शेतकऱ्याच्या चार एकरांत ती भरून निघत नाही. भरवसा क्षेत्रफळावर ठरतो, हे हवामानशास्त्राने दिलेले उत्तर आहे आणि ते कोरडवाहू शेतकऱ्याच्या फारसे कामाचे नाही, हेही मान्य केले पाहिजे.

पाटबंधाऱ्याच्या अभियंत्यांनी मात्र या शब्दाला चांगलेच कामाला लावले आहे. त्यांच्या भाषेत ‘७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी’ असा प्रयोग असतो. नदीत गेल्या कित्येक वर्षांत दरवर्षी किती पाणी आले त्याची उतरती यादी लावायची आणि शंभरपैकी पंचाहत्तर वर्षांत जेवढे पाणी निदान येतेच, तेवढे धरून धरणाचा आराखडा करायचा. मोठ्या सिंचन प्रकल्पांसाठी सर्वसाधारणपणे ७५ टक्क्यांचा दंडक आहे. अवर्षणप्रवण भागात काही प्रकल्पांना ५० टक्क्यांवरही मान्यता दिली जाते, कारण नाहीतर तिथे काहीच बांधता येणार नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आकडा बराच वर धरतात. या व्याख्येची गंमत अशी की अपयश तिच्यात आधीच लिहिलेले आहे. ७५ टक्के विश्वासार्हतेचे धरण चारांतल्या एका वर्षी अपेक्षेएवढे भरणार नाही, हे बांधणाऱ्याने स्वतःच सांगून ठेवलेले असते. ते भरले नाही म्हणजे धरण फसले असे नाही, सांगितल्याप्रमाणेच झाले. फक्त हे सांगणे आराखड्याच्या कागदावर राहते. भूमिपूजनाच्या भाषणात ‘चारांपैकी तीन वर्षे’ असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. तिथे ‘सुजलाम् सुफलाम्’ असते. त्यामुळे अभियंत्याने पंचाहत्तर टक्के म्हणून दिलेला भरवसा शेतकऱ्यापर्यंत शंभर टक्के होऊन पोचतो, आणि त्या हिशेबाने ऊस लागतो.

जायकवाडीची कोनशिला १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये लालबहादुर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. एकूण साठवण सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त साठा २,१७१, म्हणजे साधारण ७७ टीएमसी. बाकीचा मृतसाठा. मृतसाठा म्हणजे कालव्याच्या दारांच्या पातळीखाली राहणारे, हिशेबाबाहेरचे, गाळासाठी सोडलेले पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात धरणाचा उपयुक्त साठा संपला तेव्हा शहराची तहान याच मृतसाठ्याने भागवली. कागदावर ज्याला मृत म्हटले तेच पाणी त्या वर्षी सर्वांत भरवशाचे निघाले, कारण त्याच्या नावावर कोणी ऊस लावलेला नव्हता. एवढे एक उदाहरण पुरेसे आहे: पाण्याचा भरवसा जितका किती पाणी आहे यावर, तितकाच त्यावर किती जणांनी आधीच हक्क सांगितला आहे यावर ठरतो.

यातूनच कमी आणि बेभरवशाचे हा फरक पुढे येतो. रोजच्या बोलण्यात हे दोन्ही एकच समजले जाते. संभाजीनगरच्या अनेक वस्त्यांत नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. २०२० च्या डिसेंबरमध्ये १,६८० कोटींच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले ते याच कारणाने. आता समजा पाणी आठव्या दिवशी, पण ठरल्या वेळेला, ठरल्या दाबाने येते. हे पाणी कमी आहे, अपुरे आहे, अन्यायाचेही असेल. पण भरवशाचे आहे. घरात टाक्या, पिंप, कळशा त्या अंदाजाने भरता येतात, कामावर जाणाऱ्या बाईला रजा त्या दिवसापुरती काढता येते. उलट रोज येऊ शकणारे पण कधी येईल ते न सांगणारे पाणी एकूण मापाने जास्त असले तरी घर खिळवून ठेवते. कमीपणावर उपाय म्हणजे जास्त पाणी. बेभरवशावर उपाय म्हणजे वेळापत्रक, आणि ते पाळण्याची जबाबदारी. दुसरा उपाय बराच स्वस्त असतो. तरीही आपल्याकडे दोन्ही दुखण्यांवर औषध एकच, आणखी एक जलवाहिनी.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने या बाबतीत वेगळा विचार केला होता. १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे आजचे संभाजीनगर, वसवले, आणि १६१७-१८ च्या सुमारास शहरासाठी नहर बांधली. उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी, हर्सूलच्या अंगाला जमिनीत मुरलेले पाणी गोळा करून बंदिस्त चिरेबंदी नळांतून, निव्वळ उताराच्या जोरावर ते शहरात आणायचे आणि मधूनमधून मनोरे उभारून हवेचा दाब सोडायचा, अशी ती रचना. तिचे मर्म असे की ती त्या दिवशीच्या, त्या महिन्याच्या पावसावर विसंबलेली नव्हती. मुरलेले पाणी हळू येते. एका पावसाळ्याचा वाकडेपणा जमीन काही महिन्यांत पसरून टाकते. पाऊस तेव्हाही आजच्यासारखाच चढउताराचा होता, मधल्या काळात दख्खनने भयंकर दुष्काळ पाहिले, पण नहरीचे पाणी शतकानुशतके चालले. तिची अवकळा झाली ती अगदी अलीकडे, वर घरे झाली, मार्ग फुटले आणि आजूबाजूला विंधनविहिरी झाल्या तेव्हा. नहर आज बेभरवशाची झाली असेल तर तिचा खुलासा आभाळात सापडणार नाही.

विंधनविहिरीचा विषय निघालाच आहे तर तिच्याबद्दल थोडे. मराठवाड्याखाली बेसॉल्टचा कातळ आहे. तो वाळूसारखा सलग पाणी धरत नाही, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत धरतो. त्यामुळे एका बांधावर पाणी लागते आणि पलीकडच्या बांधावर तीनशे फूट कोरडे जातात. हातात नारळ किंवा दुबेळके घेऊन शिवारात फिरणाऱ्या पाणाड्याचा धंदा या खडकावरच चालतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा असताना लोक पाणाड्याकडे का जातात, याचे उत्तर अंधश्रद्धा या एका शब्दात देता येते, पण ते अपुरे आहे. पाणाड्या ‘इथे आहे’ म्हणतो. भूवैज्ञानिक ‘शक्यता आहे’ म्हणतो. बोअरचे पैसे भरणाऱ्याला शक्यतेवर कर्ज काढता येत नाही. त्याला भरवसा हवा असतो, आणि तो पाणाड्या देतो.

या विवेचनावर पहिला आक्षेप इथे येतो, आणि तो जोरदार आहे. शब्दाची फोड करून काय साधते? जुलैत पेरलेले बियाणे करपले, दुबार पेरणीला पैसा नाही, अशा माणसाला ‘पाऊस बेभरवशाचा नाही, तुझी अपेक्षा चुकीची’ असे सांगणे म्हणजे जखमेवर व्याकरण चोळणे. आक्षेप खरा आहे. पण तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. शेतकऱ्याची अपेक्षा त्याच्या एकट्याच्या डोक्यातून आलेली नसते. २०१७ च्या जुलैमध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात आनंदगावच्या शेतकऱ्यांनी थेट पोलिसांत जाऊन हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या अंदाजावर पेरले, पाऊस आला नाही, बियाणे-खताचा खर्च बुडाला, असे त्यांचे म्हणणे. शहरी वाचक त्या बातमीला हसला. पण ते शेतकरी जे करत होते ते अगदी तर्कशुद्ध होते. पावसाविरुद्ध तक्रार करता येत नाही हे त्यांना कळत होते, म्हणून भरवसा देणाऱ्याला त्यांनी गाठले. त्यांची चूक असलीच तर इतकीच की हवामान खात्याचा हंगामी अंदाज देशासाठी किंवा मोठ्या विभागासाठी असतो आणि संभाव्यतेच्या भाषेत असतो. आनंदगावच्या शिवारापर्यंत पोचेतो त्याचे ‘यंदा पाऊस चांगला’ एवढेच झालेले असते. ७५ टक्क्यांच्या धरणाचे जे झाले तेच. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे सांगतो, तो सल्ला या अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे, कारण तो उद्याबद्दल काही सांगत नाही, आजच्या ओलीबद्दल सांगतो. पंचांगातली नक्षत्रांची वाहने किंवा अक्षय्य तृतीयेला होणारी भेंडवळची घटमांडणी यांच्यामागे लोक का जातात तेही यावरून समजते. त्यांचे भाकीत खरे ठरते म्हणून नव्हे. ते टक्क्यांत बोलत नाही म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. गेल्या शंभर वर्षांच्या नोंदींवरून काढलेली विश्वासार्हता पुढच्या पन्नास वर्षांना लागू पडेल, हे कोणी सांगितले? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे एकूण पाऊस तेवढाच राहिला तरी तो थोड्या दिवसांत कोसळतो आणि मध्ये लांब खंड पडतो. असे असेल तर उतरत्या यादीतून काढलेला पंचाहत्तरचा आकडासुद्धा बेभरवशाचा होतो. या आक्षेपाला पुरते उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणू नये. एवढेच म्हणता येईल की जेव्हा मोजमापच डळमळते तेव्हा त्यावर लादलेले ओझे कमी करणे आपल्या हातात उरते: बाजरी-तुरीसारखी पिके, मुरवण्याची कामे, आणि पीकविम्यातले ‘उंबरठा उत्पादन’ (ज्याच्या खाली उत्पन्न गेले की भरपाई मिळते) मागच्या सात वर्षांतल्या ज्या उत्तम पाच वर्षांच्या सरासरीवरून काढतात त्या सरासरीकडे शंकेने पाहणे.

तिसरा मुद्दा वरच्या धरणांबद्दलच्या तक्रारीचा आहे, आणि मराठवाड्यात ती सर्वांत मोठ्याने ऐकू येते. नाशिक-अहिल्यानगरकडे पाणी अडवले जाते आणि जायकवाडीच्या वाट्याला उरलेसुरले येते. मग धरण बेभरवशाचे म्हटले जाते. या तक्रारीचे महत्त्व असे की तिने शब्दाला आभाळातून खाली, माणसांत आणले. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या धरणांनी टंचाई वाटून घ्यावी असे तत्त्व आले. राज्य सरकारने नेमलेल्या मेंढेगिरी समितीने त्याचे कोष्टक केले, आणि २०१४ च्या सप्टेंबरमध्ये प्राधिकरणाने त्यावर आदेश दिला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाच्या बाजूने निकाल दिला. २०२३ च्या पावसाळ्यानंतर साठा कमी भरला तेव्हा साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी सोडण्याचा आदेश निघाला. दोन्हीकडे आंदोलने झाली, याचिका झाल्या, तारखा पडल्या. वाद मिटला असे कोणी म्हणणार नाही, आणि ६५ हा आकडा योग्य की अयोग्य यावर पुढेही भांडणे होतील. पण १५ ऑक्टोबर ही तारीख ढगांनी दिलेली नाही. ती कागदावर, सही-शिक्क्याने दिलेली आहे, आणि ती पाळली नाही तर कोणाला प्रतिवादी करायचे हे वकिलाला माहीत असते.